चित्रपट कोणाचा?

अंधेरी आणि गोरेगावच्या मुलांना चित्रपटांचे चित्रीकरण नवे नसते. रस्त्याच्या कडेला जनरेटरची गाडी, दिव्यांचे उंच खांब आणि बघ्यांची गर्दी दिसली, की समजावे, चित्रीकरण चालू आहे. गोरेगावची चित्रनगरी १९७७ साली सुरू झाली. तेथे आजपर्यंत असंख्य चित्रपट तयार झाले. पण तयार झालेला चित्रपट कोणाचा असतो? ज्याने तो लिहिला त्याचा, ज्याने तो घडवला त्याचा, की ज्याने पैसे घातले त्याचा?

आपण एक उदाहरण घेऊ. १९८७ साली 'मिस्टर इंडिया' नावाचा हिंदी चित्रपट आला. तुमच्या आईवडिलांना त्याच्याबद्दल विचारा. मोगँबोचे नाव काढताच ते हसतील! अरुण नावाचा एक गरीब व्हायोलिनशिक्षक अनाथ मुलांना सांभाळत असतो. त्याच्या शास्त्रज्ञ वडिलांनी एक अजब यंत्र बनवलेले असते. ते मनगटावर बांधले, की माणूस अदृश्य होतो. फक्त लाल प्रकाशात तो दिसतो. ही लाल प्रकाशाची युक्ती मला फार आवडते. तिच्यामुळे गोष्टीत धोका आला आणि गंमतही आली. त्या काळी संगणकावर दृश्ये बनवण्याची सोय नव्हती. पीटर परेरा यांनी कॅमेऱ्याच्या करामतींनी माणूस अदृश्य करून दाखवला.

या चित्रपटाचे दिग्दर्शक होते शेखर कपूर आणि निर्माते होते बोनी कपूर. कथा-पटकथा सलीम-जावेद या प्रसिद्ध जोडीची होती. ही जोडी आधीच वेगळी झाली होती. त्यामुळे दोघांची नावे एकत्र असलेला त्या काळातला हा शेवटचा चित्रपट ठरला. गीतेही जावेद अख्तर यांनीच लिहिली.

तेहतीस वर्षे लोटली. २०२० च्या फेब्रुवारी महिन्यात दिग्दर्शक अली अब्बास जफर यांनी जाहीर केले, की झी स्टुडिओज या कंपनीसाठी आपण 'मिस्टर इंडिया'चे नवे तीन चित्रपट करणार आहोत. ते ऐकून शेखर कपूर नाराज झाले. आपल्याला कोणी विचारले नाही, साधे कळवलेही नाही, असे त्यांनी जाहीरपणे लिहिले. दिग्दर्शकाचा आपल्या कलाकृतीवर काहीच हक्क नाही का, असा त्यांचा सवाल होता.

आता खरी गंमत पाहा. त्यांना उत्तर कंपनीने नव्हे, तर जावेद अख्तर यांनी दिले. चित्रपटाची कल्पना, पात्रे, प्रसंग, संवाद, इतकेच काय, नावसुद्धा आपण दिले होते, असे त्यांचे म्हणणे होते. दिग्दर्शन उत्तम झाले हे त्यांनी मान्य केले. पण मूळ स्वप्न आपले, हे सांगायला ते विसरले नाहीत. म्हणजे भांडण केवळ कलावंत आणि कंपनी यांचे नव्हते. कलावंत नेमका कोण, यावरच दोन कलावंतांचे एकमत नव्हते. जाहीर झालेले ते तीन चित्रपट २०२४ संपेपर्यंत तरी पडद्यावर आले नाहीत.

कायदा काय म्हणतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रपटाचा कर्ता म्हणजे निर्माता. दिग्दर्शकालाही हे स्थान द्यावे, असा प्रस्ताव २०१० च्या विधेयकात होता, पण तो गळला. मात्र २०१२ साली कायदा बदलला आणि लेखक, गीतकार व संगीतकार यांना थोडा आधार मिळाला. त्यांचे गीत रेडिओवर वाजले, तर त्या उत्पन्नातला वाटा त्यांना मिळावा, अशी तरतूद झाली. हा हक्क सहीने सोडून देता येत नाही. जावेद अख्तर तेव्हा राज्यसभेत होते आणि या बदलासाठी ते झटले होते.

अमेरिकेत जॉर्ज लुकास यांनी वेगळीच हुशारी दाखवली. 'स्टार वॉर्स' हा अंतराळातील युद्धाचा त्यांचा चित्रपट १९७७ साली आला. त्यांनी दिग्दर्शनाचे पैसे कमी घेतले, पण पुढच्या भागांचे आणि खेळण्यांचे हक्क स्वतःकडे ठेवले. खेळण्यांतून किती पैसा येईल, याची तेव्हा चित्रपट कंपनीला कल्पना नव्हती! पुढे २०१२ साली त्यांनी आपली कंपनी डिस्ने या मोठ्या कंपनीला सुमारे ४०० कोटी डॉलरला विकली. पुढच्या भागांसाठी त्यांनी कथांचे आराखडेही दिले होते. नव्या मालकांनी ते बाजूला ठेवले. लुकास यांना वाईट वाटले, पण हक्क आता त्यांचे राहिले नव्हते.

मग गोष्ट आणि मालकी एकाच घरात राहिली तर? मुंबईत असेही घडले आहे. राकेश रोशन यांनी 'कोई मिल गया' २००३ साली, 'क्रिश' २००६ साली आणि 'क्रिश ३' २०१३ साली काढला. निर्माते तेच, दिग्दर्शकही तेच. नायक त्यांचा मुलगा हृतिक आणि संगीतकार त्यांचा भाऊ राजेश. येथे परवानगी कोणाची घ्यायची? तरीसुद्धा पहिल्या चित्रपटातला जादू हा निळा परग्रहवासी जितका जिवाला लागतो, तितके तिसऱ्या भागातले काहीच लागत नाही, असे माझे मत आहे. मारामारी आणि यंत्रे वाढली, साधेपणा आटला. मालक स्वतः कलावंत असला, तरी मोठ्या खर्चाचा दाब त्याच्यावरही असतोच.

मार्च २०२५ मध्ये राकेश रोशन यांनी जाहीर केले, की 'क्रिश ४'चे दिग्दर्शन हृतिक करील. निर्मितीत मात्र आता घराबाहेरचा भागीदार आला आहे. तो म्हणजे अंधेरीत मोठा स्टुडिओ असलेली यशराज फिल्म्स ही कंपनी.