१२८ वर १७ शून्यं

एक लिटर पाणी घ्या आणि त्यात फक्त २ मिलिग्रॅम फिनॉल विरघळवा. साखरेचे तीन-चार दाणे भरतील एवढंच वजन. आता या पाण्यात फिनॉलचे रेणू किती असतील? १२८ लिहा आणि त्यावर १७ शून्यं द्या. रेणूमागे एक रुपया धरला तर? २०२३-२४ साली भारताचं वर्षाचं सकल उत्पादन साधारण ३०० लाख कोटी रुपये होतं. म्हणजे आख्ख्या देशाने ४२ हजार वर्षं राबायचं, तेव्हा कुठे तेवढे रुपये जमतील! माणसाला शेती येऊ लागली त्यालाच जेमतेम १०-१२ हजार वर्षं झालीत.

फिनॉलच का? कारण आज आपण उतईहून हिशेब मांडतोय. छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यातली ही नगर पंचायत भिलाईच्या दक्षिणेला आहे आणि भिलाई म्हटलं की पोलाद. तिथली पहिली झोत भट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. पोलादाला कोक लागतो, कोकसाठी कोळसा बंद भट्टीत भाजावा लागतो आणि त्यातून जे पाणी निघतं त्यात फिनॉल असतं. जगातल्या बहुतेक कोक भट्ट्यांची हीच कहाणी. हे फिनॉल पाण्यातून काढायला कारखाने ज्यांना कामाला लावतात ते कामगार आहेत जिवाणू.

एखादं रसायन जिवाणूंना सहज पचतं का, हे ठरवायची जगभर मानलेली परीक्षा म्हणजे ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची ३०१ क्रमांकाची चाचणी. १९८१ साली आली, १९९२ साली सुधारली. तिच्या सहा पद्धती आहेत. त्यातली मला सर्वांत आवडते ती बंद बाटलीची. प्राणवायूने भरलेलं स्वच्छ पाणी, त्यात रसायनाचे मोजके मिलिग्रॅम, आणि सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारं पाणी लिटरला एका थेंबापासून फार तर ५ मिलिलिटरपर्यंत. त्या थेंबात जिवाणू असतात. बूच घट्ट लावायचं, बाटली अंधारात ठेवायची आणि २८ दिवस थांबायचं. जिवाणू रसायन खातील तर प्राणवायू घटेल. जेवढा घटला तेवढं पचलं! या जिवाणूंना त्या रसायनाची सवय आधी लावलेली चालत नाही, हा नियम मला फार न्यायाचा वाटतो. नदीतल्या जिवाणूंना तरी कोण आधी शिकवून ठेवतं?

बाटलीतल्या लिटरभर पाण्यात जिवाणू १० हजार ते १० लाख. १० लाखच धरू. एकेक जिवाणू २ मायक्रॉन लांबीचा मानून सगळ्यांना एका ओळीत उभं केलं तर ओळ भरते २ मीटर. फक्त २ मीटर! दुसऱ्या काही पद्धतींत लिटरला १० कोटीपर्यंत जिवाणू घालतात. त्यांची ओळ २०० मीटर. भिलाईत रेल्वेसाठी २६० मीटर लांबीचे वेल्डिंगने जोडलेले रूळ तयार होतात, त्यावर ही ओळ आरामात मावेल. आणि असं ७५० लिटर पाणी घेतलं तर? गच्चीवरची हजार लिटरची टाकीसुद्धा पूर्ण भरायची नाही, पण जिवाणूंची ओळ मुंबईहून निघून रस्त्याने १५० किलोमीटरवर पुण्याला टेकलेली असेल.

परत बाटलीकडे. २ मिलिग्रॅम फिनॉल, खाणारे १० लाख. एकेकाच्या ताटात पडतं त्याच्या वजनाच्या साधारण २००० पट जेवण. माणसाच्या मापाने बघा: ६० किलोच्या माणसाला १२० टन! राजधानी ओढणारं डब्ल्यूएपी-७ इंजिन १२३ टनांचं असतं. म्हणजे महिन्याभरात जवळजवळ एक आख्खं रेल्वे इंजिन संपवायचं.

रेणूंत मोजलं तर एकेकाच्या वाट्याला १२ लाख ८० हजार कोटी. सेकंदाला एक या वेगाने खात बसला तर ४ लाख वर्षं लागतील. मुदत आहे २८ दिवस. म्हणून वेग हवा सेकंदाला ५३ लाख रेणूंचा! मुंबईच्या लोकल दिवसभरात साधारण ७५ लाख प्रवासी वाहायच्या. हा जीव तेवढी गर्दी दीड सेकंदात उरकेल. अर्थात तो एकटा राहत नाही. खातो, वाढतो, एकाचे दोन, दोनाचे चार होतात आणि काम वाटलं जातं. खाल्लेल्यातलं बरंच त्याच्या अंगी लागतं, म्हणून उत्तीर्ण व्हायला शंभर टक्के लागत नाहीत, ६० पुरतात. पण ६० टक्क्यांची मजल १० टक्क्यांपासून पुढच्या १० दिवसांतच मारावी लागते. रेंगाळलेलं रसायन नापास.

फिनॉल पास होतं. पण फुकट नाही. १ किलो फिनॉल पूर्ण पचवायला २.३८ किलो प्राणवायू लागतो आणि २० अंश तापमानाच्या पाण्यात लिटरला जेमतेम ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. शेतातली २० फूट रुंदीची विहीर डोळ्यांपुढे आणा, आत ३० फूट पाणी. पावणेतीन लाख लिटरांच्या घरात! त्या विहिरीतला सगळाच्या सगळा प्राणवायू एक किलो फिनॉल गिळतं. छत्तीसगडच्या वैशाखात पाणी ३० अंशांवर गेलं की प्राणवायू साडेसातावर उतरतो आणि तेवढीही विहीर पुरत नाही.

हे झालं फिनॉल पचलं तर. आणि न पचता तसंच पिण्याच्या पाण्यात उतरलं तर? भारतीय मानकाची पिण्याच्या पाण्यातली स्वीकार्य मर्यादा आहे लिटरला ०.००१ मिलिग्रॅम. एक किलो फिनॉल या मर्यादेत बसवायला पाणी हवं १०० कोटी लिटर. वर सांगितल्यासारख्या पावणेचार हजार विहिरी! एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळी लातूरला मिरजेहून पाण्याच्या रेल्वेगाड्या गेल्या होत्या, आठवतं? ५० वाघिणींच्या एका गाडीत २५ लाख लिटर पाणी. तशा ४०० गाड्या लागतील. २० हजार वाघिणी! एकीला १२ मीटर धरून एकामागे एक जोडत गेलो, तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून पुण्यापर्यंतचे लोहमार्गाचे १९२ किलोमीटर भरून गाडी पुढे दौंडच्या वाटेला आणखी ४८ किलोमीटर उभी राहील. एवढी गाडी एक किलोसाठी. आणि ज्यांची नोंद २८ दिवसांनंतरही शून्याच्या आसपासच राहते, अशी फ्लोरिनची कितीतरी रसायनं आहेत. ती पातळ करता येतात, संपत नाहीत.

रसायनाच्या पिंपासोबत सुरक्षा माहितीपत्रक येतं. त्याच्या १२व्या विभागात रसायन पाण्यात किती टिकतं आणि किती विघटित होतं, याची माहिती द्यायची असते. कारखान्यासाठी, प्रयोगशाळेसाठी किंवा सोसायटीच्या सफाईसाठी पिंप घेताना ते पत्रक मागून घ्या आणि २८ दिवसांचा आकडा वाचा. तिथे 'माहिती उपलब्ध नाही' असं लिहिलेलं असेल, तर विकणाऱ्याला विचारा, चाचणी का केली नाही.