आढं, वासे आणि घनफूट

मळ्यातलं घर, आत 12 बाय 20 फुटांची एकच खोली. भिंती पूर्ण झालेल्या, छप्पर व्हायचं. कुंडलच्या शिवारात मी हे काम पाहायला गेलो, तेव्हा मिस्त्री हाताखालच्या पोराला मंगलोरी कौलांचा आकडा विचारत होते. पोरगं आयटीआयला सुतारकाम शिकतं, सुट्टीत इथं येतं. त्यानं लगेच सांगितलं, ‘‘240 चौरस फूट, म्हणजे दोन पूर्णांक चार ब्रास. ब्रासला दीडशे धरली तर 360.’’

मिस्त्रींनी विटेचा तुकडा उचलला आणि कोब्यावर त्रिकोण काढला. ‘‘कौलं जमिनीवर घालणार का पाख्यावर?’’

मग हिशेब पुन्हा पहिल्यापासून. खोलीची रुंदी 12, निम्मी 6. भिंतीच्या माथ्यापासून आढं साडेतीन फूट वर. सहाचा वर्ग 36, साडेतीनचा सव्वाबारा. बेरजेचं वर्गमूळ सातला किंचित कमी. भिंतीबाहेर दीड फूट वळचण काढायची, म्हणून वासा 8 फूट 8 इंचांचा. लांबीच्या बाजूनंही दोन्हीकडे एकेक फूट छप्पर बाहेर, म्हणजे 22. दोन्ही पाखी मिळून 382 चौरस फूट भरली आणि कौलं पावणेसहाशेच्या घरात गेली, फुटतूट वेगळीच. पोरगं आकड्याकडे बघत राहिलं. वर्गमूळ त्याला शाळेपासून येत होतं, पण ते छपरावर चढतं हे त्याला तिथं कळलं.

मिस्त्री उतार अंशांत सांगत नाहीत. ‘सहाला साडेतीन’ म्हणतात. कोनमापकानं मोजलं तर तो 30 अंश भरतो. मंगलोरी कौलाला एवढा उतार लागतोच. तो कमी झाला की वाऱ्याबरोबर पाऊस कौलाच्या तोंडातून आत शिरतो. बासेल मिशननं 1865 मध्ये मंगळूरला या कौलांचा कारखाना काढला आणि पुढं ती आपल्याकडे खेडोपाडी पोचली. कौलाच्या मापावर रिपांचं अंतर ठरतं, ते साधारण साडेबारा इंच. आपला वासा 104 इंचांचा. साडेबारानं भागलं तर 8 गाळे होऊन थोडं उरतं. आठच गाळे केले तर अंतर 13 इंच होतं आणि कौल कौलावर पुरेसं चढत नाही. म्हणून 9 गाळे, रिपांच्या 10 ओळी. दोन्ही पाख्यांच्या मिळून 440 रनिंग फूट रिपा. वळचणीची पहिली रीप बाकीच्यांपेक्षा जाड घ्यायची, कारण तिच्यावरच्या कौलाला खालून आधार द्यायला दुसरं कौल नसतं.

वाशांच्या संख्येत पोरगं पुन्हा अडलं. वासे दोन-दोन फुटांवर, लांबी 22, उत्तर 11. मिस्त्रींनी भिंतीवर खुणा करून त्यालाच मोजायला लावलं. गाळे 11 भरले, वासे 12. दोन पाख्यांचे 24.

एक वासा 9 फूट लांब, 4 इंच रुंद, 2 इंच जाड. फूट, इंच आणि इंच यांचा गुणाकार करून 144 नं भागलं की अर्धा घनफूट बरोबर येतो. चोवीस वाशांचे 12 घनफूट. आढं 6 बाय 4 चं, बारा-बारा फुटी दोन तुकडे, त्याचे 4. दोन्ही भिंतींवरच्या वॉलप्लेटी 4 बाय 3 च्या, त्याही बारा फुटी चार नग, म्हणजे आणखी 4. मध्यावरची कैची चारच्या जरा वर. सगळं मिळून 24. वखारीतलं लाकूड रंधून घेतलं की प्रत्येक अंगाला एखाद-दुसरं सूत जातं, टोकाला भेगा असतात, गाठ नेमकी खाचेच्या जागी येते. त्यासाठी दहा टक्के वर धरले आणि रिपा सोडून साडेसव्वीस घनफूट झाले.

अख्ख्या ओंडक्याचं गणित वेगळं. उभ्या झाडाचा घेर जमिनीपासून 1.37 मीटरवर, छातीच्या उंचीला घेतात. पाडलेल्या ओंडक्याला व्यापारी घेराच्या चौथाईचा नियम लावतात. घेर 48 इंच, चौथाई 12. बाराचा वर्ग गुणिले 10 फूट, भागिले 144, म्हणजे 10 घनफूट. खरं गोल घनफळ पावणेतेराच्या आसपास भरतं. मधली तूट साल आणि चिराईसाठी सोडलेली असते. सुतारकाम शिकणाऱ्याला ही तूट नीट समजली पाहिजे असं मला वाटतं, कारण झाड आणि वासा यांच्यामधलं बरंचसं नुकसान तिच्यातच लपलेलं आहे.

कैची बसवण्याचं काम मी दिवसभर पाहिलं. खाली आडवी तुळई, दोन्ही बाजूंनी तिरक्या कड्या, मधोमध उभा खांब. पाहणाऱ्याला वाटतं की खांब तुळईवर उभा राहून आढं तोलतो. प्रत्यक्षात तो लोंबकळतो. तिरक्या कड्या वर एकमेकींवर रेलतात, खाली भिंतींना बाहेर ढकलू पाहतात, आणि तुळई त्यांचे पाय धरून ठेवते. लांब तुळई मध्यात वाकू नये म्हणून खांब तिला वरून उचलून धरतो. खांबाचं कुसू तुळईच्या खाचेत जातं खरं, पण तळाला थोडी फट ठेवतात आणि खालून लोखंडी पट्टी मारतात. पोरगं ती फट पाचर ठोकून भरायला निघालं होतं. मिस्त्रींनी हात धरला. ‘‘ऱ्हाऊ दे. त्यो टेकला, की तुळईवर बसला.’’

वाशाच्या पोटाची खाचही अशीच जपून. वॉलप्लेटवर बसायला अडीच इंचांची बैठक घेतली तर या उताराला खाच सव्वा इंच खोल जाते. चार इंची वाशाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा ती खोल जाऊ द्यायची नाही. मिस्त्रींनी पहिला वासा गुण्यानं आखला, करवतीनं कापला, पटाशीनं साफ केला, दोन्ही भिंतींवर लावून पाहिला आणि त्यावर ‘नमुना’ लिहिलं. बाकीचे तेवीस त्याच्यावरूनच आखायचे, मागच्या कापलेल्या वाशावरून नाही. कारण एकावरून दुसरा घेत गेलं की पेन्सिलीची जाडी दर वाशाला वाढत जाते.

या भागातल्या सुताराचं काम एकदा बदललेलं आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर 1903 मध्ये बेळगावात तयार झाला. 1910 मध्ये औंध संस्थानानं दिलेल्या इथल्या माळावर, कुंडल रोड स्टेशनजवळ, किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगर घरोघर गेले तसं बाभळीचा नांगर घडवणं कमी होत गेलं. आता पत्रा आणि लोखंडी पाइप छपरंही घेऊन चालले आहेत. हे हिशेब त्यांच्याबरोबर जाऊ नयेत, असं मला मनापासून वाटतं. पाइपाचं छप्परही उतारावरच मोजावं लागतं.

संध्याकाळी पोरानं वखारीसाठी चिठ्ठी लिहिली: ‘लाकूड, साडेसव्वीस घनफूट’. मिस्त्रींनी ती परत केली. एवढ्यावर वखारवाला दहा फुटी देईल, प्रत्येकातून फूटभर तुकडा वाया जाईल आणि त्याचेही पैसे मोजावे लागतील. घनफूट पैशासाठी, लाकूड नगावर मागायचं. पोरानं पुन्हा लिहिलं: 4 बाय 2, नऊ फुटी, 24 नग, किंवा अठरा फुटी 12. त्याखाली आढं. त्याखाली वॉलप्लेटी. तुळई 14 फुटांची, मधे जोड नको. शेवटी त्यानं स्वतःहून एक ओळ घातली: नऊ फुटी एक नग जादा, गाठीसाठी.