प्लास्टरचा कान आणि आमची घाई

संपादकांनी ‘महाराष्ट्रातील वास्तववादी चित्रकलेच्या शिक्षणाचा आढावा’ असा भारदस्त विषय दिला आहे. सनावळ्या हव्या असतील त्यांनी चरित्रकोश उघडावा. तिथे त्या नीट लावून ठेवलेल्या आहेत. मला या दीडशेहून अधिक वर्षांकडे एकाच बाजूने पाहायचं आहे. हुबेहूब काढायला शिकणाऱ्याला कागदासमोर किती वेळ बसवलं गेलं, आणि त्या वेळात त्याच्याकडून नेमकं काय करून घेतलं गेलं? शैली, घराणी, पदकं हे सगळं त्याच्या मागून आलं, असं माझं मत आहे. ते ऐकून आमच्यातली काही मंडळी हसतात, हे मला ठाऊक आहे. त्यांच्याकडे पुढे येतोच.

आधी तांब्या. ग्रेड परीक्षेच्या कुठल्याही वर्गात जा. टेबलावर कापड, कापडावर तांब्या, शेजारी दोन कांदे आणि एखादं वांगं मांडलेलं असतं. मुलं तांब्याचं तोंड लंबगोल काढतात आणि तळाला पट्टी लावल्यासारखी सरळ रेघ मारतात. तांब्या टेबलावर सपाट बसलाय हे त्यांना माहीत असतं ना! डोळ्यांना दिसतं ते निराळंच असतं. तोंड नजरेच्या पातळीजवळ, म्हणून त्याचा लंबगोल चपटा. तळ नजरेच्या पुष्कळ खाली, म्हणून त्याची पुढची कड तोंडापेक्षा जास्त गोलाई घेते. हे समजावून सांगायला मिनिटभर पुरतं. मूल मान डोलावतं आणि पुढच्या तांब्याला पुन्हा सरळ तळ काढतं. सांगितलेलं डोक्यात गेलं, डोळ्यांत उतरलं नाही. ते उतरायला त्याच तांब्यासमोर पुन्हा बसावं लागतं. हात ताठ करून पेन्सिल आडवी धरायची, एक डोळा मिटायचा, तोंडाची रुंदी पोटाच्या रुंदीत किती वेळा बसते ते पाहायचं, कागदावर खूण करायची आणि परत वर पाहायचं. खूण चुकलेली दिसली तर लगेच खोडरबर उचलायचं नाही. तिच्या शेजारी दुसरी खूण करून दोन्हींकडे पाहत राहायचं. मी धीर म्हणतो तो एवढाच आहे. त्यात साधुत्व काही नाही.

आता इतिहास. सर जमशेटजी जीजीभाईंच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ साली मुंबईत जे.जे. कलाशाळा सुरू झाली आणि तिच्याबरोबर लंडनच्या साउथ केन्सिंग्टनची शिकवण्याची रीत आली. या रीतीत छापील नमुन्यांवरून नक्कल, मग भूमिती, मग प्लास्टरच्या नक्ष्या अशा पायऱ्या होत्या. विलायतेत त्या काळी एकेका छायांकित रेखाटनावर विद्यार्थी महिनोन्‌महिने काळ्या खडूची बारीक टिंबं देत बसत. लोक मला त्या टिंबांचा वकील समजतात, म्हणून इथेच स्पष्ट सांगतो : तो धीर नव्हे. चुकलेल्या बाह्यरेषेत सहा महिने टिंबं भरली तरी चूक तिथेच राहते, फक्त ती गुळगुळीत होते. बसकण आणि निरीक्षण यांची गल्लत तेव्हापासूनची आहे आणि ती आजही फिटलेली नाही.

खरा धीर त्या शाळेत शिरला तो अजिंठ्याच्या वाटेने. प्रिन्सिपॉल जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन लेण्यांत जाऊ लागले, आणि मधल्या खंडांसह हे काम १८८५ पर्यंत चाललं. पेस्तनजी बोमनजी याच मुशीतून निघाले. अर्धवट अंधारात, खपल्या उडालेल्या भिंतीसमोर बसून, रेषा कुठे संपते आणि भेग कुठे सुरू होते हे ठरवायचं. उगाच जोडून घ्यायचं नाही, जे नाही ते नाही म्हणून सोडायचं. नजरेला याहून कडक तालीम कुठली? त्याआधी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जवळजवळ सगळ्या गेल्या होत्या. ग्रिफिथ्स यांच्या चमूच्याही अनेक प्रती १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत जळाल्या. उरलेल्या कामावरून १८९६-९७ मध्ये दोन खंडांचा ग्रंथ निघाला. प्रती जळाल्या तरी त्या काढताना तयार झालेले डोळे मुंबईतच राहिले. पुढची पिढी त्यांच्या हाताखाली शिकली.

त्या पिढीबद्दल इतकं लिहिलं गेलं आहे की मी भराभर जातो. म्हात्रे यांनी विद्यार्थीदशेतच केलेली ‘मंदिरपथगामिनी’, १८९५ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळवणारे धुरंधर, गोव्यातून आलेले त्रिंदाद, मग सेसिल बर्न्स, मग सॉलोमन आणि त्यांच्या काळात सुरू झालेला नग्न मॉडेलचा वर्ग, पाठोपाठ बंगाल आणि मुंबई यांच्यातलं ‘भारतीयत्वा’चं भांडण. त्या भांडणात शाई फार वाया गेली. धुरंधरांविषयी मात्र एक वाक्य जास्त. त्यांची जलरंगातली गर्दी, घाटावरचे बामण, बाजारातल्या बायका, मिरवणुका हे सगळं सपासप केल्यासारखं दिसतं. आमचे तरुण मित्र ते दाखवून म्हणतात, ‘बघा, हे कुठे थांबले?’ थांबले ते आधी. जे.जे.तल्या आठवणींच्या पुस्तकाला त्यांनी ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ असं नाव दिलं आहे. सपासप हात हवा असेल तर त्यातल्या आकड्याकडेही एकदा पाहावं.

आता माझ्या आवडीच्या विषयावर येतो. तिथे मी रेंगाळणार, संपादकांनी शब्दमर्यादेकडे कानाडोळा करावा.

जे.जे.मध्ये ॲन्टीकचा वर्ग असे. ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती एका बाजूच्या उजेडात मांडायच्या, ‘डाँकी’वर टांग टाकून बसायचं आणि समोरच्या दांड्याला बोर्ड टेकवायचा. मुंबईच्या उकाड्यात अपोलो कशाला, हा आक्षेप जुना आहे आणि त्यात तथ्यही आहे. म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना अपोलोचं मस्तक देत नाही. मायकेलँजेलोच्या डेव्हिडचा कान देतो. नुसता कान, प्लास्टरचा, मूळ पुतळ्याच्या मापाचा. तो कोणाचा आहे, देव की माणूस, ग्रीक की देशी, याने काही बिघडत नाही. कानाला भाव नसतात, त्यामुळे ‘भाव उतरला की झालं’ ही पळवाटही बंद होते.

कान पांढरा, मागचा पडदा पांढरा, कागद पांढरा. रंग नाही, चकाकी नाही. उरतो फक्त आकार आणि त्यावर पडलेला उजेड. पहिल्या बैठकीत वळणदार रेघ काढायला माझी बंदी असते. वरची कड, पाळीचं टोक, पुढची आणि मागची टोकं सरळ रेघांनी बांधून घ्यायची आणि ओळंबा धरून तपासायची. दुसऱ्या बैठकीत उजेड जिथे संपतो आणि सावली जिथे सुरू होते ती सीमा शोधायची. बाहेरच्या वळीवरून ती खाली येते, आतल्या वळीवर उडी मारते आणि मधल्या वाटीत जाऊन हरवते. ही सीमा सापडली की सावलीचा सगळा भाग एकाच फिकट टोनने भरायचा आणि हात मागे घ्यायचा. इथे मुलं तडफडतात. त्यांना लगेच ६बी घेऊन वाटी काळी करायची असते. पण पांढऱ्या प्लास्टरची सावली काळी नसतेच, आणि तिच्यात शेजारच्या वळीवरून परतलेला उजेडही असतो. नवशिका तो परतलेला उजेड कौतुकाने इतका उजळ करतो की कान आतून दिवा लावल्यासारखा दिसतो. नियम सोपा आहे : सावलीतला सगळ्यात उजळ भागही उजेडातल्या सगळ्यात गडद भागापेक्षा गडदच असतो. पाठ करायला हा सोपा, पण डोळे किलकिले करून शंभरदा ताडून पाहिल्याशिवाय तो हातात येत नाही.

माझ्याकडे येणारा एक मुलगा एकदा संध्याकाळी वैतागून म्हणाला, ‘‘सर, आज काहीच झालं नाही.’’ मी त्याच्या बोर्डाकडे पाहिलं. अख्ख्या दिवसात त्याने सावलीची सीमा बाहेरच्या वळीवर तांदळाच्या दाण्याएवढी डावीकडे सरकवली होती आणि त्या एका सरकण्याने कान कागदातून बाहेर आला होता. त्याला ते दुसऱ्या दिवशी सकाळी दिसलं, मी न सांगता. असं शिकवता येत नाही. त्यासाठी मधे एक रात्र जाऊ द्यावी लागते.

कोल्हापूर-सावंतवाडीकडे वळलो नाही तर तिकडचे वाचक मला सोडणार नाहीत. कोल्हापूरला ‘कलापूर’ म्हणताना लोक पडदे आणि सिनेमा आठवतात; मी आबालाल रहिमान आठवतो. जे.जे.त शिकून परतलेला हा माणूस कोटीतीर्थाचं तेच पाणी वेगवेगळ्या वेळी पुन्हापुन्हा रंगवत राहिला. आणि सावंतवाडी! पंडित सातवळेकर वेदांचे भाष्यकार म्हणून सर्वांना माहीत असतात, जे.जे.त शिकून मेयो पदक मिळवलेले ते पट्टीचे चित्रकार होते, हे कितीजणांना ठाऊक आहे? त्याच सावंतवाडीचे सावळाराम हळदणकर. १९०८ पासून त्यांनी मुंबईत स्वतःचा वर्ग चालवला. मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं त्यांचं निरांजन घेतलेल्या स्त्रीचं चित्र लोक रविवर्म्याच्या नावावर खपवतात आणि ते तैलचित्र आहे असंही समजतात. ते जलरंगातलं आहे! ज्योतीवर आडोसा धरलेल्या बोटांतून पाझरणारा तो तांबूस उजेड पारदर्शक रंगात काढलेला आहे. त्या माध्यमात गडद झालेलं परत उजळ करता येत नाही, म्हणजे चूक व्हायच्या आधीच ती दिसायला हवी. त्यासाठी हळदणकरांची मुलगी हातात दिवा घेऊन तासन्‌तास उभी राहत असे. धीर एकट्या चित्रकाराचाच असतो असं नाही.

१९४७ आणि त्यापुढचं प्रोग्रेसिव्हांचं पर्व मी ओलांडतो. त्यावर लिहिणारे भरपूर आहेत आणि बहुतेक चांगलं लिहितात. त्यांच्यातल्या एका गटाशी मात्र माझा वाद आहे. ‘वस्तूसमोर वर्षानुवर्षं बसवून तुम्ही मुलांची प्रतिभा मारता’, असं ते परिसंवादांतून सांगत असतात आणि दाखल्याला हमखास व्हॅन गॉग आणतात. बरं, व्हॅन गॉगच घेऊ. १८८० साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी चित्रकार व्हायचं ठरवल्यावर त्याने पहिल्यांदा काय केलं? शार्ल बार्गचे छापील नमुने पुढ्यात घेऊन त्यांच्या नकला केल्या, पुन्हापुन्हा केल्या. जेरोमच्या सहकार्याने निघालेले ते फ्रेंच नमुने म्हणजे आमच्या विरोधकांच्या लेखी अकादमिक दळणाचा कळस. आणि सूर्यफुलं रंगवून झाल्यावर, आयुष्याच्या शेवटच्या वर्षात, त्याने तेच नमुने भावाकडून परत मागवले. हे मी एका व्यासपीठावर सांगितलं तेव्हा समोरून उत्तर आलं, ‘‘तो अपवाद होता.’’ मग दाखल्याला दुसरा कोणी तरी आणा!

प्रतिभेच्या कैवाऱ्यांपेक्षा मला आजकाल आपल्याच बाजूची माणसं जास्त त्रास देतात. व्यक्तिचित्रणाची प्रात्यक्षिकं हा महाराष्ट्राचा लाडका प्रकार. चांगला चित्रकार दोन-अडीच तासांत समोरच्या पाहुण्याला उतरवतो, टाळ्या पडतात. मीही टाळ्या वाजवतो. पण मागे बसलेल्या विद्यार्थ्याच्या मनात ‘पोर्ट्रेट म्हणजे दोन तास’ हे पक्कं बसतं. मग तो स्वतः कधी एका डोक्यावर आठवडा घालवत नाही. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात देऊसकरांनी रंगवलेले बालगंधर्व सगळ्यांनी पाहिलेले आहेत. नाटकाच्या मध्यंतरात तिथे चहा पिताना एकदा त्या साडीच्या घडीकडे पाहा आणि ठरवा, हे दोन तासांचं काम आहे का.

दुसरं टोक मोबाईलचं. फोटो काढायचा, मोठा करायचा, चौकटी आखायच्या किंवा लाइट बॉक्सवर सरळ गिरवायचा, आणि मग पापणीचा केस न्‌ केस, गालावरचं छिद्र न्‌ छिद्र भरत बसायचं. शंभर तास लागले, असं खाली अभिमानाने लिहायचं. मेहनत मला मान्य आहे. चौकटींनाही माझी हरकत नाही, त्या ड्यूररही वापरत होता. पण फोटोने सावली कुठे संपते हे आधीच ठरवून दिलेलं असतं आणि मुलाने ते मुकाट मानलेलं असतं. ही साउथ केन्सिंग्टनची टिंबंच, फक्त आता त्यांचा वेग वाढवून तीस सेकंदांची रील निघते. अशा मुलाला तांब्यासमोर बसवलं की तो खिशातून फोन काढतो आणि आधी तांब्याचा फोटो घेतो.

ग्रेड परीक्षेत भर पडते ती स्मरणचित्राची. पाणवठा, बाजार, फुगेवाला : क्लासवाले तयार आकृत्या घोटून घेतात, घडा घेतलेली तीच बाई जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरते. सुट्टीत औंधला जाऊन बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभारलेलं संग्रहालय पाहा, असं मी शिक्षकांना सांगतो. ते जातात, धुरंधरांसमोर उभे राहून सेल्फी काढतात आणि परत येऊन फुगेवाला शिकवतात. दहावीच्या वाढीव गुणांपुढे बिचारे काय करणार!

माझी मागणी जुनीच आहे. वस्तुचित्राचा पेपर दोन बैठकांत घ्या, मधे एक रात्र जाऊ द्या. पहिल्या दिवशी फक्त रेखाटन. मांडणी जागच्या जागी, कागद सीलबंद. दुसऱ्या दिवशी मुलाच्या हातात त्याचाच कागद द्या आणि पहिली पंधरा मिनिटं पेन्सिल खाली ठेवायला लावा. काल न दिसलेल्या चुका त्याच्या त्यालाच दिसतात, हे मी माझ्या वर्गात कायम पाहत आलो आहे. यावर उत्तर ठरलेलं असतं : मुलं फार, केंद्रं कमी, वस्तू रात्रभर ठेवायला कुलूपबंद खोल्या कुठून आणायच्या? याच शाळा निवडणुकीच्या मतदानासाठी दोन-दोन दिवस रिकाम्या करून मिळतात. चित्रकलेसाठी तशी मागणी कोणी केल्याचं माझ्या कानावर नाही. पुढच्या वर्षी जे कोणी अभ्यासक्रमाच्या समितीवर असतील त्यांनी निदान एका केंद्रावर हे करून पाहावं. तांब्या मी देतो.