तोतया : जुना आणि नवा

'तोतया' हा शब्द उच्चारताच मराठी वाचकास सदाशिवरावभाऊंच्या तोतयाची आठवण होते. १४ जानेवारी १७६१ रोजी भाऊसाहेब पानिपतावर पडले. परंतु त्यांच्या मृत्यूविषयी पुष्कळांच्या मनात संशय राहिला. त्या संशयाचा लाभ घेऊन सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण 'मीच भाऊ' म्हणून पुढे आला. त्यास रत्नागिरीस कैदेत ठेविले होते. पण १७७६ साली तेथील अंमलदार रामचंद्र नाईक परांजपे यांनीच त्यास बाहेर काढले, आणि पाहता पाहता कोकणातील कित्येक किल्ले त्याच्या हाती गेले. पुढे फौज पाठवून त्याचा मोड करावा लागला. आंग्र्यांनी त्यास धरून पुणे दरबारच्या स्वाधीन केले व त्यास देहान्त शासन झाले. एका नावाच्या चोरीपायी केवढे हे रामायण! आणि भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई? पती जिवंत आहेत या श्रद्धेने त्यांनी अखेरपर्यंत सौभाग्यचिन्हे उतरविली नाहीत. त्या तोतयाच्या वार्तांनी त्यांच्या जिवाची काय अवस्था झाली असेल, ते कोणत्या कागदातून कळावे?

आजच्या तोतयास चेहऱ्याच्या साम्याचीही गरज उरलेली नाही. आधार क्रमांकाचे बारा अंक, पॅनची दहा अक्षरे, जन्मतारीख आणि मोबाईलवर येणारा ओटीपी एवढे हाती आले की त्याचे काम भागते. ही चोरी इतर चोऱ्यांहून निराळी आहे. घरातील भांडे गेले तर फडताळ रिकामे दिसते. ओळख चोरीस गेली तरी ती आपल्यापाशी जशीच्या तशी असते, म्हणून चोरीचा पत्ता उशिरा लागतो.

समजा, एखाद्या गृहस्थाच्या पॅनवर परक्याने कर्ज उचलले. हप्ते थकतात, पतनोंदीस बट्टा लागतो, आणि दोन वर्षांनी मुलीच्या शिक्षणासाठी तो गृहस्थ बँकेत जातो तेव्हा त्याचा अर्ज नाकारला जातो. शिक्षा मुलीस होते! त्याच्या नावे घेतलेल्या सिमकार्डावरून कोणी फसवणूक केली, तर पोलिसांची चौकशी प्रथम त्याच्याच दारी येते. मग 'तो मी नव्हे' हे सिद्ध करण्यासाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावयाचे. गेलेला पैसा कदाचित परत मिळेल. परंतु शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मनात आलेला किंतु कोण काढणार? आमच्या मते खरी हानी हीच होय.

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याच्या ६६ सी या कलमान्वये अशा चोरीस तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. फसवणुकीने पैसा गेल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. तो चोराच्या खात्यातून पुढे जाण्यापूर्वी अडविता येण्याचा संभव असतो. आपल्या नावे कोणते कर्ज आहे हे दाखविणारा पतअहवाल पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा विनामूल्य मिळतो. तो मागविणारे विरळा! आधारची प्रत द्यावयाची झाल्यास शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत द्यावी. पुष्कळ ठिकाणी ती चालते. झेरॉक्सच्या दुकानात बिघडलेली प्रत तेथेच टाकून येण्याची आपली सवय तर फारच वाईट.

बोटांच्या ठशांची गोष्ट मात्र याहून बिकट आहे. २०१८ साली हैदराबाद पोलिसांनी सिमकार्डे विकणाऱ्या एका इसमास पकडले. जमिनीच्या नोंदणीचे दस्तऐवज संकेतस्थळावरून उतरवून, त्यांवरील अंगठ्यांच्या ठशांवरून त्याने बनावट ठसे तयार केले होते आणि त्यांच्या आधारे परक्यांच्या नावे हजारो सिमकार्डे चालू केली होती. ज्यांचे ठसे त्यांनी काहीच गैर केले नव्हते. जमीन विकत घेतली, एवढेच. परवलीचा शब्द फुटला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. म्हणूनच आधारच्या ठशांना कुलूप लावण्याची सोय ठेविलेली आहे. ते लावलेले असता ठसा जुळला तरी व्यवहार पुढे सरकत नाही. गरजेपुरते ते धन्याने स्वतः उघडावयाचे असते. घरातील वडीलधाऱ्यांस हे काम जमत नसेल, तर नातवंडांनी त्यांच्या शेजारी बसून ते करून द्यावे, आणि ओटीपी मात्र आजोबांनाच वाचू द्यावा.