तेलकट फिल्टर आणि हवेचं चुकलेलं माप
तेल लावलेला, धुऊन वापरायचा एअर फिल्टर बसवल्यावर गाडी आयडलिंगला थरथरू लागली, पिकअप मंदावला, तर संशय एअर फ्लो सेन्सरवर घ्यावा. त्यातली तापलेली तार हवेने किती थंड होते, यावरून हवा मोजली जाते. तारेवर तेलाचा थर बसला की हवा प्रत्यक्षापेक्षा कमी भासते, पेट्रोल कमी पडतं आणि हवा-पेट्रोलचं १४.७ ला १ हे प्रमाण ढळतं. ऑक्सिजन सेन्सर काही काळ सांभाळून घेतो. म्हणून चेक इंजिनचा दिवा उशिरा लागतो. विक्रेते म्हणतात, बेताने लावलेलं तेल उडत नाही. मान्य, पण धुतल्यावर बेत राखणार कोण? अर्थात सेन्सरच्या पुढच्या पाइपचा क्लॅम्प सैल राहिला तरी हीच लक्षणं दिसतात. तो आधी तपासावा, फुकटात होतं.