समूहाच्या वतीने पापकबुली : ख्रिस्ती प्रार्थनेतील एक विचार

विनयातील आपत्तिदेसना आमच्या वाचकांस परिचित आहे. तेथे भिक्खू आपल्या हातून घडलेली आपत्ती प्रकट करतो. ख्रिस्ती परंपरेत मात्र एक व्यक्ती आपल्या समग्र समाजाच्या, एवढेच नव्हे तर दिवंगत पूर्वजांच्याही पापांची कबुली ईश्वरापुढे देते. जे कृत्य आपण केलेच नाही त्याची कबुली कशी देता येईल? या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

या प्रार्थनेचे मूळ बायबलच्या जुन्या करारात, म्हणजेच यहुदी परंपरेत आहे. दानीएलाच्या ग्रंथाचा ९ वा अध्याय हे तिचे प्रसिद्ध उदाहरण होय. यरुशलेम ७० वर्षे उजाड राहील असे यिर्मयाच्या ग्रंथात वाचून दानीएल उपवास करतो, गोणपाट नेसतो, अंगावर राख घेतो आणि प्रार्थना करतो. त्याच ग्रंथात अन्यत्र असे सांगितले आहे की, त्याच्या शत्रूंनाही त्याच्या वर्तनात दोष सापडला नाही. तरीही पापांचा उच्चार करताना तो 'त्यांनी' असे न म्हणता 'आम्ही' असे म्हणतो. मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' असा भेद आहे, तो येथे अर्थपूर्ण ठरतो. 'आम्ही' म्हणणारा श्रोत्याला वगळतो, परंतु स्वतःला वगळू शकत नाही.

याच जुन्या करारात याविरुद्ध भासणारे मतही आहे. यहेज्केलाच्या १८ व्या अध्यायाचा आशय असा की, पित्याच्या अधर्माचा भार पुत्रावर पडत नाही; ज्याचे कर्म त्याचे फळ. हा विरोध आम्हांस पुढीलप्रमाणे सुटतो असे वाटते. दोष हा व्यक्तीचा असतो व तो वारशाने येत नाही. परंतु त्या दोषातून मिळालेला लाभ, झालेली हानी आणि जडलेल्या सवयी वारशाने येतात. समूहाच्या वतीने केलेली कबुली या वारशाची जबाबदारी स्वीकारते.

आधुनिक काळातील सर्वांत बोलके उदाहरण जर्मनीतील आहे. १९४५ च्या ऑक्टोबर महिन्यात स्टुटगार्ट येथे तेथील प्रोटेस्टंट चर्चच्या परिषदेने परदेशी चर्चच्या प्रतिनिधींसमक्ष अपराधाची कबुली दिली. स्वाक्षरी करणाऱ्यांत मार्टिन नीमोलर होते. प्रारंभी नाझींचे समर्थन करणारे नीमोलर पुढे त्यांचे विरोधक झाले आणि १९३७ पासून १९४५ पर्यंत तुरुंगात व छळछावण्यांत राहिले. तरीही त्यांनी स्वतःला त्या 'आम्ही'तून वगळले नाही. अनेक जर्मनांना ही कबुली रुचली नाही. तिची दुसरी उणीव अधिक गंभीर होती. आपण अधिक धैर्य, अधिक निष्ठा दाखविली नाही, असे तीत म्हटले होते. परंतु ज्यूंच्या संहाराचा नामोल्लेखही नव्हता. ज्यूंविषयीच्या अपराधाचा स्पष्ट उच्चार १९५० साली बर्लिन-वाइसेन्से येथील धर्मसभेत झाला.

१२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी रोममध्ये चर्चच्या अनुयायांच्या पापांबद्दल जाहीर प्रार्थना केली. तीत ज्यूंविषयीच्या पापांचा स्वतंत्र उल्लेख होता. तथापि दोष चर्चच्या पुत्रांचा, चर्च मात्र पवित्र, हा भेद तीत राखला होता. अनेकांना तो अपुरा वाटला.

यावरून दोन धोके ध्यानात येतात. कबुली मोघम असली तर 'आम्ही' या शब्दाआड प्रत्येक 'मी' लपू शकतो. दुसरे असे की, जे पाप म्हणून कबूल केले जाते ते खरोखर अन्याय्य असतेच असे नाही. एज्राने परजातीय स्त्रियांशी झालेल्या विवाहांबद्दल समाजाच्या वतीने अश्रू ढाळले. परिणामी त्या स्त्रियांना व त्यांच्या मुलांना दूर करण्याचे ठरले. प्रार्थना कळकळीची होती, पण तिची किंमत निरपराधांनी मोजली.

याउलट नहेम्याचे उदाहरण आहे. शूशन येथे पारसिक राजाच्या सेवेत असता त्याने आपल्या लोकांची पापे कबूल केली आणि स्वतःच्या व पितृकुळाच्या पापाचाही उल्लेख केला. पुढे यरुशलेमात कर्जापायी गरिबांची शेते, द्राक्षमळे व घरे गहाण पडल्याची तक्रार त्याच्याकडे आली. तेव्हा त्याने धनिकांना दोष दिला, परंतु आपण व आपले बांधवही लोकांना पैसा व धान्य उसने देत आहोत हेही सांगितले, आणि गहाण मालमत्ता व घेतलेले व्याज परत करविले. शूशन येथे प्रार्थनेत उच्चारलेल्या 'आम्ही'चा अर्थ त्या दिवशी यरुशलेमच्या ऋणकोंना कळला असेल.