चकती एका औषधाची, निकाल दुसऱ्याचा

टायफॉइडच्या रुग्णाच्या रक्तातून जंतू वाढवला. सेन्सिटिव्हिटीच्या रिपोर्टवर सिप्रोफ्लॉक्सॅसिनपुढे ‘एस’, म्हणजे औषध लागू. गोळ्या सुरू झाल्या, पण ताप हटेना. १९९०च्या दशकात भारतातले डॉक्टर या कोड्यात सापडले. क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन ही जुनी औषधं आधीच बोथट झालेली. सगळी भिस्त सिप्रोवर.

गोम कळली ती नॅलिडिक्सिक ॲसिडमुळे. सिप्रोच्या घराण्यातलं हे सगळ्यात थोरलं, १९६२ सालचं औषध. ते लघवीच्या संसर्गासाठी असे. टायफॉइडवर कुणी देत नसे. पण ताप न उतरणाऱ्यांच्या, प्लेटवर वाढवलेल्या जंतूंवर त्यात भिजवलेली कागदी चकती ठेवली, की भोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ उमटतच नसे.

दोन्ही औषधं घाव घालतात जायरेज या एकाच विकरावर. त्याच्या जनुकात एक बदल झाला की नॅलिडिक्सिक ॲसिड पार निकामी होतं, सिप्रो मात्र नुसतं दुबळं होतं. एरवी जितक्या सिप्रोने जंतू थांबतो, त्याच्या दहापट किंवा अधिक लागतं. तरी तो ‘एस’मध्येच बसायचा, कारण सीमारेषा होती मिलिलिटरमागे १ मायक्रोग्रॅम. अमेरिकेतल्या सीएलएसआय या मानक ठरवणाऱ्या संस्थेने ती ०.०६ वर आणली, तीही २०१२ मध्ये. तोवर नॅलिडिक्सिक ॲसिडच्या चकतीवरून सिप्रोचा अंदाज घेत शितावरून भाताची परीक्षा चालली होती, तीही शेजारच्या पातेल्यातल्या शितावरून! आणि ती बरोबर येत होती.

नेहमी मात्र नाही. काही जंतू जायरेज न बदलता त्याला झाकणारं प्रथिन बनवतात. ते नॅलिडिक्सिक ॲसिडच्या नजरेतून निसटू शकतात. म्हणून आता त्याच घराण्यातल्या पेफ्लॉक्सॅसिनची ५ मायक्रोग्रॅमची चकती ठेवतात. वर्तुळ २४ मिलिमीटर किंवा मोठं, तर सिप्रो चालेल.

स्टॅफिलोकोकस ऑरियस या जंतूची तऱ्हा आणखी मजेशीर. पेनिसिलिनच्या गोतावळ्यातल्या ऑक्सासिलिनला दाद न देणाऱ्या वसाहतीतही तो हट्ट उघडपणे दाखवणाऱ्या पेशी थोड्याच असू शकतात, त्यामुळे खुद्द ऑक्सासिलिनची चकती फसते. सेफॉक्सिटिन हे दुसरं औषध त्यामागच्या ‘मेकए’ जनुकाला जास्त जोरात डिवचतं आणि जंतू आपलं बिंग स्वतःच फोडतो. ३० मायक्रोग्रॅमच्या चकतीभोवती २१ मिलिमीटर किंवा कमी वर्तुळ दिसलं, की तो एमआरएसए, म्हणजे ऑक्सासिलिनसारख्या औषधांना न जुमानणारा जंतू. मग पेनिसिलिनच्या गोतावळ्यातली जवळजवळ सगळी औषधं बाद, प्लेटवर त्यांचं वर्तुळ कितीही ऐसपैस दिसो.